गिरणीमालकाचा मुलगा आणि देशाचा अग्निबाण

भारतीय अवकाश कार्यक्रमाचे जनक म्हणून डॉ. विक्रम साराभाई यांचे नाव घेतले जाते. मात्र अवकाश संशोधनासाठी पैसा कोणी द्यावा, कधी द्यावा आणि कशासाठी द्यावा, या प्रश्नाचा त्यांनी आयुष्यभर केलेला विचार तितकासा परिचित नाही. खासगी कंपन्यांसाठी अवकाश क्षेत्राची दारे उघडली गेल्यानंतर या प्रश्नाला पुन्हा महत्त्व आले आहे.

तारीख २१ नोव्हेंबर १९६३. तिरुवनंतपुरमजवळच्या थुंबा या मच्छीमारांच्या गावातून संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास एका अग्निबाणाने आकाशात झेप घेतली. थोड्याच वेळात मावळतीच्या प्रकाशात सोडियमच्या वाफेचा नारिंगी ढग उमटला. अग्निबाण अमेरिकेने दिलेला होता. त्याच्या शिरोभागी बसविलेली सामग्री फ्रान्सची होती. भारताची होती ती जागा आणि मूठभर तरुण अभियंते. त्यांच्या मागे उभा होता अहमदाबादच्या एका गिरणीमालकाचा ४४ वर्षांचा मुलगा. भारताच्या अवकाश कार्यक्रमाची मुहूर्तमेढ त्या संध्याकाळी रोवली गेली.

विक्रम साराभाई हे शास्त्रज्ञ होते, तसेच उद्योजकही होते. खासगी संपत्ती म्हणजे काय, हे त्यांनी जन्मापासून पाहिले होते. सरकारी पैशाची ताकद आणि त्याच्या मर्यादा त्यांनी पुढे जवळून अनुभवल्या. या दोन्ही पैशांना एकाच कामाला लावण्याचे अवघड कसब त्यांना साधले होते. त्यांच्या ५२ वर्षांच्या आयुष्याची संगती या कसबातून लागते.

'रिट्रीट'मधील बालपण

विक्रम यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादेत झाला. वडील अंबालाल साराभाई हे प्रसिद्ध कॅलिको मिलचे मालक, तर आई सरलादेवी या मुलांच्या शिक्षणाविषयी काळाच्या पुढचा विचार करणाऱ्या गृहिणी. शाहीबागेतील 'रिट्रीट' या विस्तीर्ण घराच्या आवारातच त्यांनी आपल्या आठ मुलांसाठी मॉंटेसरी पद्धतीची शाळा सुरू केली. महात्मा गांधी, रवींद्रनाथ टागोर, जवाहरलाल नेहरू अशा थोरामोठ्यांचा या कुटुंबाशी संबंध होता.

संपत्ती आणि सार्वजनिक काम यांचे नाते या घरात सरळसाधे नव्हते. १९१५मध्ये गांधीजींनी आपल्या आश्रमात एका अस्पृश्य कुटुंबाला प्रवेश दिला, तेव्हा देणगीदारांनी पाठ फिरवली. त्या अडचणीच्या वेळी १३ हजार रुपये देऊन नाव न सांगता निघून गेलेले गृहस्थ म्हणजे अंबालाल, असे सांगितले जाते. १९१८मध्ये अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा संप झाला, तेव्हा अंबालाल मालकांच्या बाजूचे पुढारी होते आणि त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन गांधीजींसह कामगारांचे नेतृत्व करीत होती. विक्रम यांची थोरली बहीण मृदुला स्वातंत्र्यलढ्यात उतरली. धन कमवावे, पण त्याचा जाब समाजाला द्यावा लागतो, ही जाणीव विक्रम यांना घरातच मिळाली.

अहमदाबादच्या गुजरात कॉलेजमध्ये काही काळ शिकून ते केंब्रिजला सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले. १९४०मध्ये त्यांनी निसर्गविज्ञानातील ट्रायपॉस परीक्षा पूर्ण केली. दुसरे महायुद्ध पेटल्याने ते मायदेशी परतले आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांचा अभ्यास करू लागले. अवकाशातून पृथ्वीवर सतत आदळणाऱ्या या किरणांची तीव्रता काळानुसार कशी बदलते, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. त्यासाठी त्यांनी काश्मीरच्या पर्वतांवरही मोजमापे घेतली. याच संस्थेत तेव्हा होमी भाभा काम करीत होते. एक मुंबईच्या सधन पारशी घरातले, तर दुसरे अहमदाबादच्या गिरणीमालकाच्या घरातले. भारतीय विज्ञानाला वळण देणाऱ्या या दोघांची मैत्री बंगळूरला जुळली.

१९४२मध्ये विक्रम यांचा विवाह नृत्यांगना मृणालिनी स्वामिनाथन यांच्याशी झाला. आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन लक्ष्मी या मृणालिनींच्या भगिनी. युद्ध संपल्यावर विक्रम पुन्हा केंब्रिजला गेले आणि १९४७मध्ये डॉक्टरेट घेऊन परतले. देश नुकताच स्वतंत्र होत होता.

महाविद्यालयातील प्रयोगशाळा

त्या वेळी मूलभूत संशोधनासाठी सरकारकडे फारसा पैसा नव्हता. फाळणीची जखम, निर्वासितांचे लोंढे आणि धान्यटंचाई या चिंतांपुढे विश्वकिरणांचा विचार कोण करणार? २८ वर्षांच्या साराभाईंनी सरकारी मंजुरीची वाट पाहिली नाही. ११ नोव्हेंबर १९४७ रोजी अहमदाबादेत भौतिक संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. एम. जी. सायन्स इन्स्टिट्यूटमधील थोड्याशा जागेत तिचे काम चालत असे. पैसा आला तो साराभाई कुटुंबाच्या कर्मक्षेत्र एज्युकेशनल फाउंडेशन या न्यासाकडून आणि अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीकडून. या सोसायटीच्या संस्थापकांत गिरणीमालक कस्तुरभाई लालभाई यांच्याबरोबर लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर होते, हे मराठी वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. हवामान खात्यातील ज्येष्ठ शास्त्रज्ञ के. आर. रामनाथन यांच्याकडे प्रयोगशाळेचे संचालकपद सोपविण्यात आले. संस्था घरच्या पैशातून उभी राहिली, तरी आरंभी तिच्या प्रमुखपदी साराभाई स्वतः बसले नाहीत.

काही वर्षांतच या कामाचे महत्त्व सरकारला पटले. अणुऊर्जा खाते आणि वैज्ञानिक संशोधन परिषद यांच्याकडून अनुदान येऊ लागले. १९५४मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते प्रयोगशाळेच्या स्वतंत्र इमारतीचे उद्‌घाटन झाले. पुढे केंद्र सरकार, गुजरात सरकार, कौटुंबिक न्यास आणि एज्युकेशन सोसायटी या चौघांच्या करारातून संस्थेचा कारभार चालू लागला. पहिला धोका खासगी पैशाने पत्करायचा, काम सिद्ध झाले की सरकारला सोबत घ्यायचे आणि तरीही संस्थेचे स्वातंत्र्य जपायचे, ही साराभाईंची पद्धत इथे प्रथम दिसते.

दुसरा प्रयोग कापड उद्योगात झाला. १९४७मध्येच अहमदाबादच्या गिरणीमालकांनी एकत्र येऊन 'अटिरा' ही वस्त्रोद्योग संशोधन संस्था स्थापन केली. साराभाई तिचे पहिले संचालक झाले. वस्त्रतंत्रज्ञानाचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. परंपरेने चालत आलेल्या गिरण्यांत मोजमाप आणि गुणवत्तेचे शास्त्र नेण्यासाठी त्यांनी तरुण पदवीधरांची फळी उभारली. एकमेकांपासून गुपिते लपविणाऱ्या प्रतिस्पर्धी मालकांना एका संस्थेसाठी खिशात हात घालायला लावणे हे सोपे नव्हते. उद्योगाची गरज आणि शास्त्रज्ञाची जिज्ञासा यांची भाषा वेगवेगळी असते, हे साराभाई इथे शिकले. १९५६पर्यंत त्यांनी हे पद सांभाळले.

याच काळात ते कौटुंबिक उद्योगाचाही भार वाहत होते. बडोद्यातील साराभाई केमिकल्सची सूत्रे त्यांच्याकडे होती. औषधांच्या धंद्यात अंदाजापेक्षा आकडेवारीवर निर्णय घ्यावेत, या विचारातून १९६०मध्ये बडोद्यात ऑपरेशन्स रिसर्च ग्रुपची स्थापना झाली. भारतातील बाजारपेठ संशोधनाचा तो पाया मानला जातो. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेची कथाही अशीच आहे. पश्चिम भारतातील ही संस्था मुंबईत निघावी, असा आरंभीचा विचार होता. साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई यांनी स्थानिक उद्योजकांचे पाठबळ आणि नव्या गुजरात राज्याचे सहकार्य मिळविले आणि १९६१मध्ये ती अहमदाबादेत आणली. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि उद्योगजगत अशा तिघांच्या सहभागातून ती उभी राहिली.

थुंब्याचे चर्च

१९५७मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला आणि जगात अवकाशयुग सुरू झाले. १९६१मध्ये भारत सरकारने अवकाश संशोधनाचा विषय भाभांच्या अणुऊर्जा खात्याकडे दिला आणि पुढच्याच वर्षी साराभाईंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय अवकाश संशोधन समिती स्थापन झाली. अणुऊर्जा खाते थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत होते. अणुऊर्जा आयोगाला आर्थिक निर्णयांचे असाधारण स्वातंत्र्य होते आणि त्याचे मुख्यालय दिल्लीपासून दूर, मुंबईत होते. कारकुनी दिरंगाईच्या फेऱ्यात न सापडता सरकारी पैसा वापरण्याची ही दुर्मीळ सोय नव्या कार्यक्रमाला जन्मतःच लाभली. उद्योगात वाढलेल्या साराभाईंना तिचे मोल नेमके ठाऊक होते.

प्रश्न जागेचा होता. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त केरळच्या दक्षिण टोकाजवळून जाते. त्या पट्ट्यात सुमारे १०० किलोमीटर उंचीवर विद्युत्प्रवाहाचा एक अरुंद झोत वाहतो. संशोधनाचे फुगे इतक्या उंचीवर पोहोचत नाहीत आणि उपग्रह त्याच्या बरेच वरून फिरतात. त्याचा अभ्यास लहान अग्निबाणांनीच करता येतो. साराभाईंचे सहकारी एकनाथ चिटणीस यांनी किनाऱ्यावरील जागांची पाहणी केली आणि थुंब्यावर शिक्कामोर्तब झाले. कोल्हापुरात जन्मलेले चिटणीस अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटमधील संशोधन सोडून साराभाईंच्या हाकेसरशी परतले होते. अवकाश समितीचे सदस्य सचिव, पुढे श्रीहरिकोटाच्या जागेचे संशोधक आणि खेड्यांतील दूरचित्रवाणी प्रयोगाचे सूत्रधार अशी त्यांची कामगिरी. शंभरी पार केलेल्या चिटणीस यांचे २०२५मध्ये पुण्यात निधन झाले, तेव्हा त्या पहिल्या पिढीतील एक महत्त्वाचा दुवा निखळला.

थुंब्याला सेंट मेरी मॅग्डालीनचे चर्च होते, बिशपचे निवासस्थान होते आणि भोवती मच्छीमारांची घरे होती. साराभाईंनी बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांची भेट घेतली. बिशपांनी आपल्या भाविकांना विश्वासात घेतले आणि लोकांनी विज्ञानासाठी आपले प्रार्थनास्थळ आणि घरे सोडली. चर्च कार्यशाळा बनले आणि बिशपांचे घर कार्यालय. अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेले जात. भारतीय अवकाश कार्यक्रमातील पहिली गुंतवणूक कोणाची, याचा हिशेब मांडायचा तर या मच्छीमारांचे नाव सरकार आणि उद्योगपती यांच्याही आधी घ्यावे लागेल.

साधनसामग्रीसाठी साराभाईंनी जगाकडे हात पसरला, पण दीनवाणेपणाने नव्हे. चुंबकीय विषुववृत्तावरील जागा भारताकडे होती आणि जगातील शास्त्रज्ञांना ती हवी होती. अमेरिकेने अग्निबाण आणि प्रशिक्षण दिले, रशियाने संगणक आणि हेलिकॉप्टर दिले, तर फ्रान्सकडून रडार आणि सेंटॉर अग्निबाण बनविण्याचा परवाना मिळाला. शीतयुद्धाच्या ऐन भरात दोन्ही गोटांतील देश एकाच किनाऱ्यावर काम करू लागले. १९६८मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी हे केंद्र संयुक्त राष्ट्रांना समर्पित केले. सरकारी तिजोरीवरचा भार त्यामुळे हलका राहिला. प्रमोद काळे आणि अब्दुल कलाम यांच्यासारखे तरुण अभियंते परदेशी यंत्रे हाताळता हाताळता तयार झाले.

मात्र आयता मिळालेला अग्निबाण कायमचा पुरत नाही, हे साराभाईंना पक्के ठाऊक होते. २० नोव्हेंबर १९६७ रोजी जेमतेम ७५ मिलिमीटर व्यासाचा 'रोहिणी' हा देशी अग्निबाण थुंब्याहून उडाला. आकाराने तो खेळण्यासारखा होता. पण त्याचे इंधन, कवच आणि रचना यांचा अभ्यास देशात झाला होता. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये काम करणारे वसंत गोवारीकर थुंब्याला दाखल झाले. घन इंधनाचे तंत्र देशात विकसित करण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला. परदेशात स्थिरावलेल्या अशा अनेकांना साराभाईंनी परत आणले. पगाराच्या बाबतीत ते परदेशाशी स्पर्धा करू शकत नव्हते. ते काम देत आणि काम करण्याचे स्वातंत्र्य देत.

दुष्काळी देशाचे अवकाश

या वर्षांची पार्श्वभूमी आठवली म्हणजे साराभाईंच्या आग्रहाचे धाडस कळते. १९६२मध्ये चीनशी आणि १९६५मध्ये पाकिस्तानशी युद्ध झाले. लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. अमेरिकेतून गव्हाची जहाजे येत होती. जून १९६६मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि पंचवार्षिक योजनांना तीन वर्षांची खीळ बसली. अशा देशाने अग्निबाणांवर पैसा का घालवावा, हा प्रश्न अगदी रास्त होता.

साराभाईंनी तो टाळला नाही. चंद्रावर माणूस पाठविण्याच्या शर्यतीत किंवा ग्रहांच्या मोहिमांत श्रीमंत देशांशी स्पर्धा करण्याची कल्पनाच त्यांनी मनात ठेवली नव्हती. प्रगत तंत्रज्ञान सामान्य माणसाच्या प्रश्नांवर वापरण्यात मात्र भारताने कोणाच्याही मागे राहता कामा नये, ही त्यांची भूमिका होती. त्यांचा युक्तिवाद हिशेबी होता. देशभर दूरचित्रवाणी न्यायची तर जमिनीवर मनोरे उभारत जाण्यास अनेक दशके लागतील आणि आधी शहरांचीच सोय होईल. उपग्रहाला मात्र मुंबई आणि बस्तरचे खेडे सारखेच. उपग्रह आणि जमिनीवरील प्रक्षेपण केंद्रे यांचा मेळ घातल्यास खर्चही कमी येतो, हे त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडेमोडीने दाखविले. श्रीमंत देशांनी टप्प्याटप्प्याने चढलेल्या पायऱ्या गरीब देशाला ओलांडून जाता येतात. किंबहुना त्याने त्या ओलांडल्याच पाहिजेत, असे त्यांचे मत होते.

बोलण्यावर न थांबता त्यांनी प्रयोग केले. जानेवारी १९६७मध्ये दिल्लीभोवतीच्या ८० खेड्यांत शेतकऱ्यांसाठी दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाले. १९७०मध्ये केरळमधील नारळाच्या झाडांवरील रोगाचा माग हेलिकॉप्टरमधून अवरक्त छायाचित्रे घेऊन काढण्यात आला. पी. आर. पिशारोटी यांनी केलेला हा प्रयोग म्हणजे भारतातील दूरसंवेदनाचा श्रीगणेशा होय. सप्टेंबर १९६९मध्ये अमेरिकेच्या 'नासा'शी करार झाला. त्यानुसार एका अमेरिकी उपग्रहाची सेवा भारतीय खेड्यांना वर्षभर मिळणार होती.

ही गुंतवणूक खासगी उद्योगाने करावी, असे त्यांनी सुचविले नाही. यात विसंगती वाटेल, पण ती नाही. पिढीजात उद्योजक असल्यामुळेच खासगी भांडवल किती काळ थांबू शकते, हे ते जाणून होते. नफ्याची खात्री नसलेल्या आणि फळ मिळण्यास पंधरा-वीस वर्षे लागणाऱ्या कामात भागधारकांचा पैसा घालता येत नाही. खेड्यातील शेतकरी हवामानाच्या अंदाजाचे पैसे मोजू शकत नाही. जिथे लाभ सर्वांचा आणि ग्राहक कोणीच नाही, तिथे पैसा सर्वांच्या तिजोरीतूनच यायला हवा. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाबतीतही त्यांच्या काळात हाच मार्ग निवडला गेला. १९६७मध्ये हैदराबादेत अणुऊर्जा खात्याच्या छत्राखाली इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन हा सरकारी उद्योग निघाला.

दोन खुर्च्यांचे ओझे

२४ जानेवारी १९६६ रोजी होमी भाभांचे विमान आल्प्स पर्वतात कोसळले. अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षपदासाठी इंदिरा गांधींनी साराभाईंची निवड केली आणि मे महिन्यात त्यांनी सूत्रे हाती घेतली. त्यासाठी कौटुंबिक उद्योगांतील जबाबदाऱ्या सोडाव्या लागल्या. सरकारी तिजोरीची किल्ली आणि घरच्या कारखान्याची गादी एकाच हाती राहू शकत नव्हती. उद्योजक म्हणून ऐन भरात असताना त्यांनी ही निवड केली.

हा निर्णय त्यांना महागही पडला. अवकाश आणि अणुऊर्जा हे दोन्ही अवाढव्य विषय एकाच माणसाच्या शिरावर आले. मुंबई, अहमदाबाद, तिरुवनंतपुरम आणि दिल्ली अशी त्यांची अखंड धावपळ सुरू झाली. भाभांच्या धाटणीला सरावलेल्या मुंबईतील अणुशास्त्रज्ञांना नव्या अध्यक्षांची मोकळीढाकळी पद्धत रुचलीच असे नाही. अण्वस्त्रांविषयीची त्यांची अनुत्सुकताही अनेकांना खटकत होती. कामे वाटून देण्याचा त्यांचा स्वभाव असला, तरी प्रत्येक संस्थेला ते स्वतः हवे असत.

१५ ऑगस्ट १९६९ रोजी भारतीय अवकाश संशोधन संस्था, म्हणजे 'इस्रो', अस्तित्वात आली. पुढच्या वर्षी साराभाईंनी १९७० ते १९८० या दशकाचा अणुऊर्जा आणि अवकाश आराखडा देशापुढे ठेवला. देशी उपग्रह प्रक्षेपक, दळणवळण उपग्रह, दूरसंवेदन आणि श्रीहरिकोटाचे प्रक्षेपण केंद्र असे सारे काही त्यात होते. अवकाशासाठी दहा वर्षांचा सलग विचार आणि त्याला जोडून खर्चाची मागणी, असे देशात प्रथमच घडत होते. मुदती मात्र फारच आशावादी ठरल्या. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर अपेक्षित असलेला देशी प्रक्षेपक १९८०मध्ये यशस्वी झाला. दळणवळण उपग्रहांची मालिका खऱ्या अर्थाने १९८३मध्ये 'इन्सॅट-१ बी'पासून मार्गी लागली आणि तो उपग्रहही अमेरिकेत बनलेला होता. टीकाकारांनी याबद्दल साराभाईंना स्वप्नाळू ठरविले. ते पूर्णतः चुकीचे म्हणता येणार नाही. उद्योगात चालणारी घाई नव्या विज्ञानात चालतेच असे नाही.

या विलंबाला उत्तर द्यायला ते राहिले नाहीत. डिसेंबर १९७१च्या अखेरीस, बांगलादेश युद्ध संपून दोन आठवडे होतात न होतात तोच, ते कामाच्या आढाव्यासाठी थुंब्याला आले होते. ३० डिसेंबरच्या पहाटे कोवळम येथील मुक्कामी ते झोपेतच गेल्याचे आढळले. वय अवघे ५२. मरणोत्तर पद्मविभूषण त्यांना १९७२मध्ये देण्यात आले.

मागे राहिलेले

माणूस गेला की त्याने उभारलेले काम कोसळते, हा आपल्याकडील नेहमीचा अनुभव. इथे तसे झाले नाही. १९७२मध्ये स्वतंत्र अवकाश आयोग आणि अवकाश खाते स्थापन झाले आणि प्रा. सतीश धवन यांनी धुरा घेतली. एकाच व्यक्तीवर अणुऊर्जा आणि अवकाश या दोन्ही खात्यांचा भार टाकण्याची पद्धत संपली. १९७५-७६मध्ये सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे शिक्षणविषयक कार्यक्रम दिसू लागले. जाळीच्या छत्रीसारख्या अँटेना आणि संच देशातच तयार झाले होते. ज्या करारावर साराभाईंच्या हयातीत सही झाली, त्याचे फळ त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी खेड्यांपर्यंत पोहोचले. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी येथे उभारलेल्या उपग्रह भूकेंद्राला त्यांचेच नाव देण्यात आले.

धवन यांच्या काळात खासगी उद्योगाला कार्यक्रमात खऱ्या अर्थाने स्थान मिळाले. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात अग्निबाणांची कवचे बनू लागली. मुंबईतील लार्सन अँड टुब्रो आणि गोदरेज यांच्या कारखान्यांनीही सुटे भाग आणि इंजिने घडविण्याची जबाबदारी घेतली. जोखीम सरकारची, आराखडा इस्रोचा आणि निर्मिती उद्योगांची, अशी ही विभागणी चार-साडेचार दशके चालली.

जून २०२०मध्ये केंद्र सरकारने ती बदलण्याचा निर्णय घेतला. खासगी कंपन्यांना स्वतःचे अग्निबाण आणि उपग्रह तयार करून सोडण्याची मुभा मिळाली. त्यांना परवानगी आणि साह्य देणाऱ्या 'इन-स्पेस' या संस्थेचे मुख्यालय २०२२मध्ये सुरू झाले, ते अहमदाबादेत. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला हैदराबादच्या स्कायरूट या नवोदित कंपनीने देशातील पहिला खासगी अग्निबाण सोडला आणि त्याचे नाव 'विक्रम-एस' ठेवले. २०२३मध्ये अवकाश धोरण जाहीर झाले, तर ऑक्टोबर २०२४मध्ये नवोदित अवकाश कंपन्यांसाठी एक हजार कोटी रुपयांच्या साहसवित्त निधीला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. म्हणजे खासगी उद्योगाला उभे करण्यासाठीही पहिला पैसा बऱ्याच अंशी सरकारचाच लागतो आहे.

साराभाईंचे नाव या दोन्ही बाजूंनी घेतले जाते. खासगीकरणाचे पुरस्कर्ते त्यांच्यातील उद्योजकाकडे बोट दाखवितात, तर सरकारी संस्थेचे समर्थक इस्रोच्या संस्थापकाकडे. त्यांच्या आयुष्याचा पट पाहता वाद पैशाच्या रंगाचा नव्हताच. १९४७मध्ये सरकार पुढे येणार नव्हते, म्हणून त्यांनी घरचा पैसा काढला. १९६२नंतर घरचा पैसा पुरणार नव्हता, म्हणून ते सरकारकडे गेले. शेवटी याचा उपयोग खेड्यातल्या माणसाला होणार का, एवढी एक कसोटी त्यांनी दोन्ही वेळा लावली. नव्या कंपन्या जगभरातील ग्राहकांचे उपग्रह सोडू लागतील, तेव्हा मच्छीमाराला वादळाची आगाऊ सूचना देण्याचे बिनफायद्याचे काम कोण करणार, हा प्रश्न त्या कसोटीतूनच उभा राहतो.

अंबालाल साराभाईंची कॅलिको मिल विसाव्या शतकाच्या अखेरीस बंद पडली. अहमदाबादच्या बहुतेक कापड गिरण्यांची तीच गत झाली. त्या गिरणीच्या नफ्यातून निघालेली भौतिक संशोधन प्रयोगशाळा मात्र याच शहरात काम करते आहे आणि चांद्रयानावरील काही उपकरणे तिथल्या शास्त्रज्ञांनी घडविली आहेत. ऑगस्ट २०२३मध्ये चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलेल्या यानाचे नावही 'विक्रम' हेच होते. थुंब्याच्या चर्चमध्ये आता अवकाश संग्रहालय आहे. तिथे येणाऱ्या शाळकरी मुलांना जुन्या अग्निबाणांच्या प्रतिकृती पाहायला मिळतात.